राहते घर पाठच्या भावाला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, तरुणपणी अडुसष्ट किलो वजनगटातला राष्ट्रीय विजेता मल्ल, नंतर माध्यमिक शाळेतला शिक्षक, शेवटी मुख्याध्यापक आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीवर राहून लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. तीन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून शरीराची डावी बाजू माझं ऐकत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. शिक्षकखोलीत यावर शंका घेणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कागद मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. वकीलबाई टाइप करून देणार होत्या, पण काही गोष्टी दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायची लाज वाटते. त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत, सातवीत मी त्यांना भूगोल शिकवला. यात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्यांनी लाल शाई वापरू नये. त्यांच्या वहीवर मी ती भरपूर वापरली होती, त्याचा सूड समजला जाईल.

कलम पहिले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसा कागद घेऊन आला तर तो खोटा समजावा. माझ्यामागे शाळेने शोकसभा घेतलीच तर संस्थेच्या अध्यक्षांना बोलायला उभं करू नये. माझ्या निरोप समारंभात ते पाऊण तास स्वतःबद्दल बोलले आणि शेवटी माझं नाव विसरून "आपले पैलवान सर" म्हणाले.

कलम दुसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व, तसंच माझ्या दिवंगत पत्नीचे दागिने आणि पुस्तकांचं कपाट, माझ्या एकुलत्या मुलीला. ती परगावी दातांची डॉक्टर आहे आणि तिचं उत्तम चाललं आहे.

इथे तिला एक सांगायचं आहे. पाचवीत असताना ती आमच्याच शाळेत होती. मैत्रिणींनी तिला विचारलं, "ते चुरगळलेल्या कानांचे सर तुझे कोण लागतात गं?" ती म्हणाली, "कोणी नाही, आमच्या शेजारी राहतात." मी खिडकीखाली उभा होतो. पुढे दोन हिवाळे मी कानांवरून मफलर गुंडाळून वर्गात गेलो, आणि मग उन्हाळ्यातही काढायचा धीर होईना. कॉलेजात गेल्यावर कधीतरी तिने हे आईला सांगितलं आणि फार रडली. मुली, तू रडू नकोस. मॅटवर घासून घासून कान असे होतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, असं मी शंभर मुलांना सांगितलं. पण दाढी करताना मी स्वतः आरसा असा धरायचो की कान दिसू नयेत. तू माझ्याचकडून शिकलीस.

कलम तिसरे. तालमीतून माझ्याकडे आलेला वजनकाटा शाळेच्या क्रीडाखोलीला. जुना असला तरी तोळ्याचा फरक दाखवतो. वजनाच्या दिवशी आम्ही मल्ल त्याच्यावर जवळजवळ उघडे उभे राहायचो, पोटात अन्नाचा कण नाही, जिभेला कोरड, आणि समोर टेबलावर बसलेले लोक चहा पीत आकडा लिहून घ्यायचे. त्या काट्यावर मला जेवढी शरम वाटली तेवढी हरल्यावरही वाटली नाही. म्हणून एकच अट घालतो. या काट्यावर कुठल्याही मुलाला किंवा मुलीला उपाशीपोटी उभं करू नये. अट मोडली तर काटा रद्दीवाल्याला द्यावा.

कलम चौथे. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, जे आज समोरच्या गल्लीत राहतात, त्यांना माझा गुडघ्याला बांधायचा पट्टा. पदकाच्या जोरावर मला नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते सगळ्यांसमोर म्हणाले होते की या लोकांची अक्कल गुडघ्यात असते. पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर विचारतात, "काय सर, आता डोक्याला आराम आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसता काय करावं ते सुचलं नाही. आता त्यांचे गुडघे गेले आहेत असं ऐकतो. पट्टा चांगला आहे, धुऊन ठेवला आहे.

खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं बोलत नव्हते. कवायतीचा शिक्षक म्हणून मला घेतलं आणि भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा मला सातवीवर सोडलं. पहिल्या तासाला मी नकाशा उलटा टांगला. मुलं हसायला लागली तरी मला कळेना काय झालं. कोणीतरी पुढे येऊन तो सरळ केला. त्या संध्याकाळपासून बायको मला धडे वाचून दाखवायची आणि मी घोकायचो. वर्षभरात भूगोल जमला, पाच वर्षांत मी पदवी काढली, पुढे मुख्याध्यापकही झालो. तरी वर्गात शिरताना शेवटच्या दिवसापर्यंत मी आधी नकाशा सरळ आहे ना ते बघायचो. कोणीतरी उठून म्हणेल, हे खरे शिक्षक नाहीत, आणि मला मान खाली घालून बाहेर जावं लागेल, असं वाटायचं.

मला जे खरोखर येत होतं ते एकच. संध्याकाळी मी शाळेत कुस्तीचा वर्ग घ्यायचो आणि पहिले दोन महिने मुलांना फक्त पडायला शिकवायचो. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आधी जमिनीवर, श्वास बाहेर. पालक भांडायला यायचे: "सर, पोरगं दोन महिने नुसतं पडतंय, जिंकणार कधी?" पण त्या वर्गात एकाही मुलाची मान दुखावली नाही. पुढे याच गोष्टीसाठी मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. भाषणात म्हणाले, पडायला शिकवणारे सर. टाळ्या वाजत होत्या आणि मी कानकोंडा होऊन शालीची टोकं धरून उभा होतो. पडणं मला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं. माझा पाठचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

कलम पाचवे. उजवीकडच्या शेजाऱ्यांनी कुंपणाची भिंत बांधताना वीतभर माझ्या हद्दीत घेतली. तेव्हा मी शाळेच्या सहलीवर होतो. ती वीत मी त्यांना या कागदाने देत नाही. वापरायला हरकत नाही, पण ती त्यांची नाही हे त्यांना माहीत असावं.

कलम सहावे. राहते घर. खरं म्हणजे याच कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तीन खोल्यांचं हे घर, मागच्या अंगणासह, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते मी माझ्या पाठच्या भावाला देतो. मुलीला विचारलं आहे. ती म्हणाली, "काकालाच द्या बाबा. तुम्ही नसतं दिलं तर मी दिलं असतं."

धाकटा माझ्याहून दीड वर्षाने लहान आहे. गाडीच्या सीटा, सोफे, खुर्च्या शिवतो. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत राहायचा. मला झटका आल्यावर एका पिशवीत कपडे घेऊन इकडे आला आणि राहिलाच. दुकानाची इमारत आता पाडणार आहेत. वर्षअखेरपर्यंत जागा खाली करायची आहे. उद्या मी गेलो तर त्याच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि कोणाकडे तोंड वेंगाडायचा त्याचा स्वभाव नाही. म्हणून हे कलम पक्कं असणं जरुरीचं आहे.

रोज सकाळी तो मला उठवतो. एक हात माझ्या काखेखालून, डोकं माझ्या छातीला टेकलेलं, आणि कमरेतून जोर. ही पकड आम्ही दोघं वस्तादांकडे एकाच दिवशी शिकलो. मग मला न्हाणीघरात नेतो, स्टुलावर बसवतो, साबण लावतो. जे अंग बघायला लोक तिकीट काढून यायचे ते अंग भावाकडून चोळून घेताना मी डोळे घट्ट मिटून घेतो. त्याला वाटतं साबण डोळ्यांत जातो, म्हणून तो माझ्या कपाळावर आडवा हात धरतो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला रोज सकाळी कळतं.

आणि हे सगळं तो मला दुसऱ्यांदा देतो आहे. पहिल्यांदा दिलं ते असं.

तालमीत आम्ही दोघं एकाच वजनाचे. वस्तादांनी मला स्पर्धेसाठी निवडलं आणि धाकट्याला माझा सरावाचा जोडीदार केलं. म्हणजे रोज दोन तास मी त्याला उचलायचं आणि फेकायचं. माझा हुकमी डाव ढाक: समोरच्याचा हात ओढून, त्याच्या मानेला कवळ घालून, कमरेवरून पलीकडे. तो डाव मी धाकट्यावर घोटला. त्याला मुलं "उशी" म्हणायची. मीही एकदा चारचौघांत म्हणालो आणि लगेच जीभ चावली, पण त्याने ऐकलं होतं.

राष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी नियम असा होता की एका गटात एका तालमीचा एकच मल्ल. निवड चाचणी ठेवली. धाकट्याने स्वतःहून नाव दिलं. वस्ताद हसले, पण नाव लिहून घेतलं. कुस्ती सुरू झाली आणि मी हादरलो. ही उशी नव्हती. त्याला माझा प्रत्येक श्वास पाठ होता. मी जिथे हात घालावा तिथे तो आधीच नव्हता. तो माझ्यापेक्षा गुणांनी पुढे गेला. मग मला त्याची मान सापडली, मी ढाक लावली, आणि त्याचं अंग एकदम हलकं लागलं, पीस उचलावं तसं. तो गेला आणि अलगद पाठीवर पडला. आवाजसुद्धा झाला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. धाकटा उठला, हसला, आणि माझा हात धरून वर केला.

त्या हसण्याने मला कळलं की त्याने अंग सोडलं. मोठा भाऊ हरायला नको म्हणून तो पडला. पुढे मी राष्ट्रीय विजेता झालो, पदकावर नोकरी लागली, नोकरीवर घर झालं. ज्या विटेला हात लावावा ती त्याची. बायको म्हणायची, "विचारा ना एकदा त्याला." मी कधी विचारलं नाही. हो म्हणाला असता तर तोंड कुठे लपवलं असतं? विचारण्याऐवजी मी आयुष्यभर फेडत राहिलो. शाळेच्या मॅट शिवायचं, जिमखान्याच्या खुर्च्यांचं, सगळं काम त्याच्या दुकानात जाईल असं पाहिलं. तरी त्याच्या दुकानात दहा मिनिटांच्या वर बसायचं माझ्या जिवावर यायचं.

सबब, निवड चाचणीत माझ्या भावाने माझ्यासाठी मुद्दाम हार पत्करली, तिची अंशतः भरपाई म्हणून राहते घर आणि राष्ट्रीय स्पर्धेचं सुवर्णपदक, ज्यावर त्याचाच हक्क आहे, मी त्याला देत आहे.

इथे मृत्युपत्र संपायचं होतं.

पुढचं त्याच दिवशी संध्याकाळी लिहितो आहे. वकीलबाईंनी सांगितलं, सगळं नव्याने लिहा. पण उजवा हात दमला आहे, आणि वरचं फाडून टाकलं तर मी काय केलं ते कोणाला कळणार नाही. म्हणून वरची पानं तशीच ठेवून खाली पुरवणी जोडतो आहे. कायद्यात कसं बसवायचं ते त्या बघतील.

झालं असं. सह्यांसाठी दुपारी वकीलबाई आल्या. औषधाच्या दुकानाचे मालक साक्षीदार म्हणून आले. दुसरी साक्षीदार शाळेची सध्याची क्रीडाशिक्षिका, तिला सामना होता म्हणून उशीर होत होता. तोवर वकीलबाईंनी कागद मोठ्याने वाचला. धाकटा दाराशी पाठ टेकून उभा राहून ऐकत होता. सहावं कलम संपलं तरी तो हलला नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

मग तो टेबलाजवळ आला. वकीलबाईंना म्हणाला, "साक्षीदार कोणीही चालतो का हो?"

"कोणीही चालतो काका. फक्त ज्याला या कागदाने काही मिळणार आहे तो नको. त्याने साक्षीदार म्हणून सही केली की त्याला दिलेलं रद्द होतं."

"असं होय," तो म्हणाला, पेन उचललं आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. ठळक, सावकाश, कापडावर खडूने आखतो तशी.

वकीलबाई जवळजवळ किंचाळल्या. "अहो काका, काय केलंत हे! घर गेलं ना तुमचं!"

"माझं कुठे होतं?"

माझा तोल गेला. खुर्चीतून उठता येत नाही म्हणून उजव्या हाताने टेबलावर आपटलं. "वेड लागलंय का तुला? वर्षअखेर कुठे जाणार आहेस? पुन्हा तेच करतोयस. पुन्हा माझ्यासाठी पाठ टेकलीस."

"पुन्हा?" तो म्हणाला. "पहिल्यांदा कधी टेकली होती?"

औषधवाले उठून बाहेर जायला निघाले. धाकटा म्हणाला, "बसा हो, बसा. तुम्हीपण ऐका. वाचून झालंच आहे सगळ्यांसमोर." मग माझ्याकडे वळला. आयुष्यात मी त्याला इतका चिडलेला पाहिला नव्हता, आणि तरी आवाज चढवला नव्हता.

"दादा, मी मुद्दाम पडलो हे तुला कोणी सांगितलं?"

"तुझं अंग हलकं लागलं मला. आवाजसुद्धा झाला नाही तुझ्या पडण्याचा."

"अरे, कसा होईल आवाज? वर्षानुवर्षं तूच पाडत होतास मला. ढाक लागली तुझी. स्वच्छ लागली. पाय सुटले तेव्हाच कळलं मला की संपलं. मग अंगाला जसं पडायची सवय होती तसं ते पडलं. दुसरा कोणी असता तर धडपडला असता, मानेवर आपटला असता, तुला बरं वाटलं असतं. मला तसं पडताच येत नव्हतं."

मी म्हणालो, "पण तू हसलास."

"मग काय करू? तुझ्यासमोर रडू? वस्ताद बघतायत, सगळी तालीम बघतेय. हसलो. तुझा हात वर केला. घरी येऊन न्हाणीघरात किती वेळ बसलो होतो ते आईला माहीत होतं." तो टेबलाच्या कडेला टेकला. "जिंकायला उतरलो होतो मी. एकटा वजन तोडत होतो महिनाभर. तुझा एकेक डाव कसा सुटतो ते रात्र रात्र घोकलं होतं. पुढे होतो तुझ्या, गुणांनी पुढे होतो! ढाक सोडली तर सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडे. आणि तू मनात धरून बसलास की मी लढलोच नाही."

मी टेबलावरची पानं सारखी करायला लागलो.

"तुला आठवतं, मी शाळेत आलो होतो एकदा? म्हटलं, संध्याकाळच्या पोरांना मी शिकवतो, पैसे नकोत. तू म्हणालास, तू कशाला त्रास घेतोस. आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून मॅट शिवायला दिलीस."

हे खरं आहे. मला ते चांगलं आठवतं. तेव्हा मला वाटलं होतं, अजून किती उपकार घ्यायचे याचे? तो समोर मुलांना शिकवत असता तर मला रोज मान वर करता आली नसती. म्हणून मी त्याला काम दिलं आणि त्याला त्यातलं हवं होतं तेवढं सोडून सगळं दिलं. त्याला मी देवमाणूस ठरवलं आणि त्याच्यातला मल्ल मोजलाच नाही. इतकी वर्षं मी लाजत होतो ते भलत्याच गोष्टीसाठी. लाज वाटायला हवी होती ती या गोष्टीची, आणि ती आज, या वयात, औषधवाल्यांच्या आणि विद्यार्थिनीच्या देखत वाटते आहे. मी तिथेच बोललो, "चुकलो रे."

त्याने पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाला, "घर द्यायचंय तर दे. भाऊ आहेस, दे. मला जागा हवीच आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या कुस्तीची भरपाई म्हणून नको. माझ्याकडे पदक नाही दादा, पुरस्कार नाही. एक कुस्ती आहे. ती तरी माझी राहू दे."

एवढ्यात क्रीडाशिक्षिका धापा टाकत आली, "सॉरी सर, सामना लांबला," म्हणाली, आणि आम्हा चौघांचे चेहरे बघून दारातच थांबली. धाकट्याने तिला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेला.

पुरवणी. वर लिहिलेलं सहावं कलम मी रद्द करतो. साक्षीदाराच्या जागी झालेली माझ्या भावाची सही वकीलबाईंच्या सल्ल्याने रद्द समजावी. बाकीची सर्व कलमं, शेजाऱ्यांच्या वीतभर जागेच्या कलमासह, कायम आहेत. रद्द केलेल्या कलमाऐवजी पुढील कलम वाचावं.

कलम सहावे. राष्ट्रीय स्पर्धेचं सुवर्णपदक माझ्या मुलीला. भावाने ते घ्यायला नकार दिला आहे. तो म्हणतो, "ते तू जिंकलंयस." राहते घर, तीन खोल्या व मागचं अंगण, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पाठच्या भावाला. हे कशाच्याही बदल्यात नाही. आमच्या निवड चाचणीबद्दल यापुढे कोणी विचारलं तर या कागदावरून सांगावं की माझा भाऊ जिंकण्यासाठी उतरला होता, पूर्ण ताकदीने लढला आणि माझ्याकडून थोडक्यात हरला.

हे कलम मी धाकट्याला वाचून दाखवलं. त्याने चष्मा लावून स्वतःही वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवलं. "‘थोडक्यात’ खोड."

"राहू दे की. पुढे होतास तू."

"पुढे होतो, पण चीत झालो ना? मग थोडक्यात कसला? खोड."

मी खोडला.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या कागदाने काही मिळणार नाही. चहा मिळाला.

लिहून देणार: (सही, उजव्या हाताने) निवृत्त मुख्याध्यापक

साक्षीदार पहिले: (सही) औषधाच्या दुकानाचे मालक, शेजारची गल्ली

साक्षीदार दुसऱ्या: (सही) क्रीडाशिक्षिका, माझी माजी विद्यार्थिनी

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

दिनांक: वर्षातल्या अकराव्या महिन्याचा दुसरा शनिवार, सायंकाळ

खाडाखोड: सहाव्या कलमाच्या शेवटच्या ओळीत एक शब्द खोडला आहे. तो माझ्या भावाच्या मागणीवरून खोडला असून मला मान्य आहे. तो हरला.